धूळ, वायू आणि तोंडावरचा रुमाल

कापसाची खरेदी सुरू झाली की माझं टपाल बदलतं. पावसाळ्यात शेतातल्या मोटारीचा शॉक, उघड्या तारा यांबद्दल विचारणारे वाचक दिवाळीनंतर खोकल्याबद्दल आणि दम लागण्याबद्दल लिहू लागतात. या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात, तोंडाला नेमकं काय बांधावं? म्हणून या वेळचं सदर त्या एकाच विषयाला दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी सांगतो. भुसावळकडच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं सुरक्षा विभागात काढली. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. हवेत काय आहे आणि ते छातीत उतरण्याआधी कुठे अडवायचं, एवढं मात्र मी आयुष्यभर केलं आहे.

प्रश्न : मी एका जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकते. हा पाचवा हंगाम. तोंडाला रुमाल बांधते. मंगळवारी सुट्टी असते. बुधवारी कामावर गेलं की दुपारपासून छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला येतो. शनिवारपर्यंत बरं वाटतं. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. रुमाल दुहेरी केला तर चालेल का?
— एक भगिनी, धरणगाव तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ‘बुधवार’ या शब्दापाशी मी थांबलो. नुसती धूळ घशाला लागत असती तर त्रास रोज सारखाच झाला असता. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरता सरता हलकं वाटतं, ही कापसाच्या धुळीची जुनी खूण आहे. जगभरच्या सूतगिरण्यांत रविवारच्या सुट्टीनंतर हे व्हायचं, म्हणून त्याला ‘सोमवारचा ताप’ असं नाव पडलं. तुमची सुट्टी मंगळवारी, म्हणून तुमचा सोमवार बुधवारी येतो. या आजाराचं वैद्यकीय नाव बिसिनोसिस. रुईच्या तंतूंपेक्षा कापसाबरोबर येणारा पाला, बोंडाखालच्या पानांचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचा अंश हे त्याचं मूळ मानलं जातं.

सुरुवातीला धुळीपासून दूर गेलं की हा त्रास निवतो. तसंच चालू ठेवलं तर बुधवारचा त्रास गुरुवारी, शुक्रवारी पसरतो, मग बाराही महिने राहतो, आणि तेव्हा फुफ्फुसाची गेलेली ताकद परत मिळत नाही. पाच हंगाम झाले म्हणजे अजून हातात वेळ आहे. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि नुसतं ‘खोकला येतो’ असं सांगू नका. ‘मी कापसाच्या धुळीत काम करते आणि सुट्टीनंतरच्या दिवशी छाती भरते’ असं सांगा. नळीत जोरात फुंकायची तपासणी असते, स्पायरोमेट्री. ती बुधवारी कामाच्या आधी आणि कामानंतर अशी दोनदा झाली तर फरक कागदावर दिसतो.

आता रुमाल. बागायती रुमाल उन्हातान्हात माणसाला सांभाळतो, त्याबद्दल मला आदर आहे. पण तो उजेडाकडे ताणून धरा. विणीतून उजेड आरपार दिसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. छातीत उतरणारे कण १० मायक्रॉनहून बारीक असतात, आणि त्यातले सगळ्यात खोल जाणारे ४ मायक्रॉनहून बारीक. डोळ्याला दिसणारं भोक त्यांच्यासाठी वाड्याच्या दरवाजाएवढं. रुमाल दुहेरी केलात तर श्वास जड होईल आणि हवा गालाच्या कडेने वाट काढेल. पांझरेवरच्या पाटात मध्ये बांध घातला आणि कडेची माती कच्ची ठेवली, तर पाणी कुठून जातं ते तुम्हाला माहीत आहे. तोंडावरच्या कापडाचं तेच होतं. डॉक्टर लोक लावतात तो हिरवा-निळा सर्जिकल मास्कही तसाच. घालणाऱ्याच्या तोंडातले थेंब बाहेर उडू नयेत म्हणून तो केलेला आहे, आणि त्याच्या कडा उघड्याच असतात.

धुळीपासून वाचवतो तो चेहऱ्याला चिकटून बसणारा, गाळणी असलेला मास्क. इंग्रजीत त्याला रेस्पिरेटर म्हणतात, दुकानात ‘एन-९५’ म्हणून मागतात. ९५ म्हणजे चाचणीत सुमारे ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. ०.३ हाच आकार का धरला, हे मला कारखान्यातल्या नव्या मुलांना समजावून सांगायला फार आवडायचं. मास्कच्या आतला थर चाळणीसारखा नसतो. तो बारीक तंतूंचा गुंता असतो. मोठा कण लळिंगच्या घाटातल्या भरधाव ट्रकसारखा, हवेबरोबर वळता येत नाही आणि तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण दिव्याभोवतीच्या पाखरासारखा सैरभैर फिरतो आणि तोही कुठेतरी तंतूला चिकटतो. मधल्या आकाराचा कण वळूही शकतो आणि फार भरकटतही नाही, म्हणून तोच सगळ्यात चपळ. परीक्षा त्याच्यावर घेतली की बाकीचे आपोआप पास. शिवाय त्या तंतूंवर वीजभार दिलेला असतो. केसांतून फिरवलेली फणी कागदाचे कपटे ओढते, तसा तो धूळ ओढतो. अशा भारित तंतूंवर अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकात जे काम केलं, त्याचा आजच्या एन-९५ ला मोठा आधार आहे.

आपल्याकडे मास्कवर आयएस ९४७३ हा क्रमांक आणि आयएसआयची खूण शोधा. त्यात एफएफपी-१, २ आणि ३ असे दर्जे असतात. दोन नंबरचा निदान ९४ टक्के कण अडवतो, तीन नंबरचा ९९ टक्के. तुमच्या कामाला दोन नंबरचा किंवा एन-९५ घ्या. श्वास सोडायची झडप असलेला मिळाला तर उत्तम, आत घाम आणि वाफ कमी साचते.

मास्क घालायची रीत नीट वाचा, कारण चांगला मास्क वाया जातो तो इथे. पदर आधी मागे घ्या. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा कानांच्या खालून मानेवर, आणि पदर त्यावरून. मास्क आणि गाल यांच्यामध्ये पदराची एक घडीही येता कामा नये. मोठी नथ असेल तर कामापुरती काढून ठेवा, चमकी चालते. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, मध्ये टोक निघतं आणि दोन्ही बाजूंनी फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधून बाहेर अशी दाबत न्या. मग दोन्ही तळव्यांनी मास्क झाका आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालावर गार झुळूक लागली तर पुन्हा बसवा. झडपेचा मास्क असेल तर झडप तळव्याने झाकूनच फुंका. कानात अडकवायचे मास्क या कामाला घेऊ नका. कान ओढला जातो तेवढाच ताण मिळतो, हनुवटी बोलताना हलली की कड सुटते.

आणि शेवटचं, जे तुमच्या मालकांनीही वाचावं. मास्क हा धुळीवरचा सगळ्यात शेवटचा उपाय आहे. रेच्यापाशी जिथे धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारा पंखा आणि नळी बसवणं हा पहिला. झाडू मारून पुन्हा धूळ उडवण्यापेक्षा ओढून घेणारं यंत्र वापरणं हा दुसरा. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच धूळ उगमापाशी ओढून घ्यायला सांगितलं होतं, आणि सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत असंही. कामगारांच्या सुरक्षेच्या २०२० च्या नव्या संहितेतही ती जबाबदारी मालकाचीच आहे. तेव्हा मास्कचे पैसे हजेरीतून कापत असतील तर ते चूक आहे, ताई. एकटीने भांडू नका, चार-पाच जणी मिळून बोला.

प्रश्न : आम्ही नंदुरबारला पथारीवर मिरचीचे देठ खुडतो. मुलाने एन-९५ आणून दिला. पहिले तीन दिवस छान गेले. मग घामाने खराब झाला म्हणून साबणाने धुतला, उन्हात वाळवला. आता पुन्हा नाकात झोंबतं. मास्क खोटा होता का?

उत्तर : माय, मास्क खरा होता, म्हणून तर पहिले तीन दिवस छान गेले. वर लिहिलेला तो वीजभार साबणाने आणि सॅनिटायझरने निघून जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, पण गाळायची ताकद बरीच कमी होते. धुवायचा नाही, इस्त्री करायची नाही. तीन मास्क घ्या आणि आळीपाळीने वापरा. काम संपलं की कागदी पिशवीत घालून सावलीत वाळू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम आत राहतो. श्वास ओढायला जड वाटू लागला, पट्टा सैल पडला, आतून मळला किंवा ओला झाला की टाकून द्यायचा.

मिरचीचा तिखटपणा धुळीच्या कणांवर बसून येतो, वायूसारखा पसरत नाही. त्यामुळे धुळीचाच मास्क पुरतो, वायू अडवणारे डबे लावलेला महागडा मास्क लागत नाही. पण डोळे उघडेच राहतात. कडेने बंद असलेला साधा चष्मा घ्या. आणि मास्क काढताना पुढच्या बाजूला हात लावू नका, तिथे दिवसभराचं तिखट बसलेलं असतं. मागचे पट्टे धरून काढा, मग हात साबणाने धुवा, मगच डोळ्याला किंवा लेकराला हात लावा.

प्रश्न : धुळ्यात माझं गाड्या रंगवायचं छोटं गॅरेज आहे. एन-९५ लावूनही थिनरचा वास येतो, डोकं जड होतं. दुकानदाराने दोन डब्यांचा मास्क दाखवला, पण डब्यांना चार-पाच रंगांच्या पट्ट्या. कोणता घेऊ?

उत्तर : भाऊ, वास येतो ही मास्कची चूक नाही. एन-९५ कण अडवतो, आणि थिनरची वाफ म्हणजे कण नाहीत, ती हवेसारखीच हवा आहे. तिला पकडायला कोळसा लागतो. त्या डब्यात सक्रिय केलेला कोळसा असतो, इतक्या बारीक छिद्रांचा की त्याच्या एका ग्रॅममध्ये ५०० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग भरतो. म्हणजे चिमूटभर कोळशात पाच गुंठे जमीन. वाफेचे रेणू त्या जमिनीवर चिकटून बसतात.

रंगाच्या पट्ट्यांबाबत जपून. आपल्या बाजारात अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन पद्धतींचे डबे शेजारीशेजारी विकले जातात आणि त्यांचे रंग जुळत नाहीत. थिनरसारख्या सेंद्रिय वाफांसाठी अमेरिकी पद्धतीत काळा, युरोपीय पद्धतीत तपकिरी. पांढरा अमेरिकी पद्धतीत आम्लाच्या वायूंसाठी, युरोपीय पद्धतीत धुळीसाठी. पिवळा अमेरिकेत सेंद्रिय वाफ आणि आम्लवायू दोन्हींसाठी, युरोपात सल्फर डायऑक्साइडसाठी. हिरवा तेवढा दोन्हीकडे अमोनियाचा. तेव्हा नुसता रंग बघून मागू नका, डब्यावरची अक्षरं वाचून घ्या आणि सेंद्रिय वाफ असंच सांगा. फवाऱ्याचे बारीक थेंबही उडतात, म्हणून डब्यावर कण अडवणारी चकती बसवलेली हवी. ती तेल चालणाऱ्या जातीची घ्या, ‘पी’ अक्षराची. ‘एन’ जातीला तेलकट थेंब सोसत नाहीत.

धुळीची गाळणी भरली की श्वास जड होतो, म्हणजे ती स्वतःच सांगते. कोळशाचा डबा काहीच सांगत नाही. श्वास तितकाच सोपा राहतो आणि एक दिवस वाफ थेट आत येते. वास यायला लागला म्हणजे डबा आधीच संपलेला असतो. म्हणून डबा उघडलेली तारीख त्यावर पेनाने लिहा, किती तास वापरला ते भिंतीवर मांडत जा आणि कंपनीने सांगितलेल्या वेळेआधी बदला. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवू नका. तिथल्या हवेतली वाफ तो रात्रभरही ओढत राहतो. हवाबंद डब्यात ठेवा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुमच्या रंगात हार्डनर मिसळायचा असतो का? त्या टिनवर ‘आयसोसायनेट’ असा शब्द आहे का ते आजच बघा. असेल तर वरचं सगळं अपुरं आहे. आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वाफेनेही झटका येतो. त्याचा वास यायला लागतो तो धोक्याची पातळी ओलांडल्यावर, म्हणून नाकाच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे बाहेरून नळीने स्वच्छ हवा आणणारा मास्क लागतो. ती हवा गॅरेजच्या नेहमीच्या कॉम्प्रेसरमधून घेऊ नका. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर तापला की त्याच हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळू शकतो. श्वासाच्या हवेसाठीचा वेगळा, गाळण्या असलेला संच असतो. तेवढा खर्च झेपत नसेल तर तसला रंग मारायचं काम चांगली बंद खोली आणि हवेचा मास्क असलेल्या ठिकाणी द्या. गिऱ्हाईक एक दिवस उशिरा गाडी नेईल, नेऊ द्या.

प्रश्न : मी खडी क्रशरवर आहे. देवाच्या नवसासाठी वर्षभर दाढी ठेवली आहे. सेफ्टीवाले साहेब म्हणतात मास्क बसत नाही. उगाच त्रास देतात का?

उत्तर : साहेब बरोबर सांगतात. दाढीचा एक केस ७० मायक्रॉनचा, आणि मास्कच्या कडेखाली असे शेकडो केस आले की त्यांच्यामधून हवा सरळ आत जाते. दोन दिवसांची खुरटी दाढीही पुरते. नवस मोडायला मी सांगणार नाही. तुमच्यासाठी डोक्यावरून घालायचा टोप मिळतो. कमरेला बॅटरीचा पंखा, त्यात गाळणी, आणि स्वच्छ हवा टोपातून सतत खाली येत राहते. चेहऱ्याला चिकटायची गरजच नाही. अमेरिकेतल्या नियमांत सैल टोपाला २५ हा आकडा दिला आहे आणि नीट बसणाऱ्या अर्ध्या मास्कला १०. या आकड्यांचा अर्थ असा की बाहेरची धूळ आत येईपर्यंत तितक्या पटीने कमी व्हावी.

पण क्रशरवर कोरडं काम चालत असेल तर दहापट कमी होऊनही ती जास्तच राहू शकते. दगडातली सिलिका अमेरिकेत २०१६ पासून एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमच्या पुढे चालत नाही. मिठाचा एक बारीक कण साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. एक मीटर लांब, रुंद, उंच खोक्यातल्या हवेत मिठाचा एक कण, इतकीच मुभा. म्हणून आधी पाण्याचा फवारा. पट्ट्यावर, जबड्यावर, खडी पडते तिथे. या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा जडला की औषधाने उलटत नाही, आणि असं फुफ्फुस टीबीलाही लवकर बळी पडतं. फवारा बंद असेल त्या दिवशी साहेबांना तुम्ही आठवण करा.

प्रश्न : डाळमिलमध्ये सुट्टीच्या वेळी गूळ देतात, त्याने धूळ उतरते म्हणे. खरं का? — जळगाव

उत्तर : लखनौच्या एका संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात उंदरांवर असा प्रयोग झाला होता, आणि गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून कण लवकर हलले असं दिसलं. त्यावरून माणसाने मास्क सोडावा असं काही निघत नाही. गूळ घशाला बरा वाटतो, खा. मास्क लावून काम करा, मग खा.

प्रश्न : सावद्याकडे केळीच्या शीतगृहात आहे. भिंतीवर हिरव्या डब्याचा मास्क टांगला आहे. अमोनिया गळला तर तो घालून व्हॉल्व्ह बंद करायला जायचं, असं सांगितलंय. जावं का?

उत्तर : नाही, दादा. तो मास्क बाहेर पळण्यासाठी आहे. अमोनिया ३०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भागांच्या, पुढे गेला की जिवाला थेट धोका मानतात, आणि मोठ्या गळतीत तो तिथे लवकर पोचतो. अर्धा मास्क डोळे उघडे ठेवतो आणि अमोनिया डोळे जाळतो. व्हॉल्व्ह बंद करायला पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घेणारी, अंगभर पोशाख घातलेली, शिकलेली दोन माणसं लागतात. अमोनिया हवेहून हलका खरा, पण गळतीच्या वेळी तो इतका गार असतो की पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. वाऱ्याला आडवे पळा, धुक्याच्या पुढे पुढे नको. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं सतत पाण्याने धुवायचे. आणि त्या टांगलेल्या मास्कच्या डब्याचं सील व मुदत उद्याच बघा.

प्रश्न : आमची ७० फुटी विहीर तीन वर्षं बंद आहे. होळीनंतर गाळ काढायचा आहे. गावात पूर्वी एक अपघात झाला म्हणून मुलाने शहरातून दोन डब्यांचा गॅस मास्क आणला आहे. तो घालून उतरलं तर चालेल ना? कंदील सोडून बघण्याची आमची जुनी रीत आहेच.
— एक शेतकरी, अमळनेर तालुका

उत्तर : आबा, हे पत्र मी तीनदा वाचलं. तो मास्क घालून कोणीही उतरू नका.

आतापर्यंत वर लिहिलेले सगळे मास्क आजूबाजूचीच हवा गाळून देतात. त्या हवेत प्राणवायू नसेल तर गाळून काय मिळणार? मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की गाळणीचा कोणताही मास्क चालत नाही. १६ च्या खाली माणसाचा विचार चुकायला लागतो, १० च्या खाली शुद्ध हरपते. जुन्या विहिरीत कुजणाऱ्या काडीकचऱ्याने प्राणवायू खाल्लेला असतो आणि हवेच्या दीडपट जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला असतो. डिझेलचा पंप आत उतरवून चालवला तर कार्बन मोनॉक्साइडची भर. त्याला वास नाही, रंग नाही, आणि साधा कोळशाचा डबा त्याला पकडत नाही.

कंदिलाची रीत आपल्या वाडवडिलांचा जीव पुष्कळदा वाचवून गेली असेल. कंदील विझला तर उतरू नये, हे खरंच. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. कार्बन मोनॉक्साइड आणि गाळातला हायड्रोजन सल्फाइड ज्योत विझवण्याच्या कितीतरी आधी माणसाला संपवतात. हायड्रोजन सल्फाइड तर जास्त झाला की नाकच बधिर करतो, सडक्या अंड्याचा वास येईनासा होतो आणि वाटतं की हवा निवळली.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. नोकरीला चौथं वर्ष होतं. जमिनीखालची एक लोखंडी टाकी वर्षभर झाकण लावून पडली होती, आतून तपासायची होती. रिकामी, कोरडी, धुतलेली. वायू नाही, वास नाही. मी डब्यांचा मास्क लावला आणि शिडीने उतरलो. बरोबरचा मदतनीस अडून बसला की कमरेला दोर बांधल्याशिवाय मी झाकणापासून हलणार नाही. मला ते उगाच वाटलं, पण बांधू दिला. खाली पोचून मी भिंतीवरचा गंज खरवडायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की हातातली पट्टी मी पकडू शकत नाही. दम लागला नाही, गुदमरलो नाही. उलट बरं वाटत होतं. गुडघे मोडले तेव्हा त्याने वरून माझं नाव घेतलं, उत्तर आलं नाही, आणि त्याने एकट्याने मला ओढलं. छातीपासून कमरेपर्यंत साल निघाली होती. दुसऱ्या दिवशी मीटर आणून सोडला तर तळाशी प्राणवायू १४ टक्के. लोखंडाला गंज चढताना तो हवेतलाच प्राणवायू खातो. टाकीने वर्षभर तेच केलं होतं.

तो मदतनीस मागोमाग उतरला नाही, म्हणून आम्ही दोघंही आहोत. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ साली लिहून ठेवलं आहे की अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला म्हणून उतरलेली असतात. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरतो, बाप पडला म्हणून मुलगा. कोणी पडलंच तर वरून ओढा, ओढता येत नसेल तर ११२ ला फोन करा आणि अग्निशमनची माणसं पाठीवर सिलिंडर लावून येईपर्यंत दुसऱ्याला काठावरच धरून ठेवा. त्या सिलिंडरच्या मास्कमध्ये बाहेरच्या हवेचा संबंधच येत नाही, म्हणून अशा जागी तोच चालतो. एक सिलिंडर साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो, तेही शिकलेल्या माणसाला.

तुमच्या कामाची पद्धत अशी ठेवा. यारीने वरूनच गाळ निघत असेल तर माणूस उतरवूच नका. उतरावंच लागलं तर आदल्या दिवसापासून ब्लोअरची नळी थेट तळापर्यंत सोडून ताजी हवा भरा, काठावर पंखा लावून उपयोग नाही. चार वायूंचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी वाचन घ्या. काम चालू असताना मीटर आणि ब्लोअर दोन्ही चालूच. उतरणाऱ्याच्या खांद्यांतून आणि मांड्यांतून जाणारा पट्टा, वर तिकाटणं आणि दोर ओढायचा रहाट. वर दोन माणसं, त्यांना दुसरं काम नाही. डिझेलचं इंजिन विहिरीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सुरुंग लावणार असाल तर त्या दिवशी कोणीच उतरायचं नाही.

आबा, अमळनेर मला लांब नाही. होळीनंतरची तारीख ठरली की संपादकांकडे निरोप द्या. मीटर, पट्टा आणि दोर घेऊन सकाळीच येतो. तोवर विहिरीवर जाळी टाकून ठेवा आणि तो गॅस मास्क मुलाला फवारणीसाठी ठेवायला सांगा. डब्यावर सेंद्रिय वाफ लिहिलं असेल आणि पुढे कणांची चकती लावली, तर कपाशीवर औषध मारताना तो त्याच्या कामाचा आहे.